तेवीस नंबरचं धुराडं

नोटीस लावली ती तेवीस नंबरच्या मागच्या भिंतीवर. तिथं सोसायटीतली कुत्री सोडली तर कुणी पाच मिनिटं उभं राहत नाही. लावायची म्हणून लावली होती, वाचायची म्हणून नव्हे. सुंदरा गोधडी झटकायला मागं गेली म्हणून तिला तो कागद दिसला, नाहीतर पंधरा दिवस कधी आले आणि कधी गेले कळलंही नसतं. बत्तीस वर्षं सुरतेत काढून तिला गुजराती वाचता येत नव्हतं. पण तेवीसचा आकडा आणि गोल शिक्का तिला ओळखता आला, आणि शिक्का मारलेल्या कागदातून चांगलं काही निघत नाही एवढी अक्कल तिला होती. गोधडी तशीच कठड्यावर टाकून तिनं सुनेला हाक मारली.

हर्षदा इथंच वाढलेली, गुजराती शाळेत शिकलेली. तिनं कणकेचे हात पदराला पुसत कागद वाचला आणि सासूला मराठीत सांगितला. तेवीस नंबरच्या मालकानं राहत्या इमारतीचं हॉटेल करायची परवानगी मागितली आहे. आजूबाजूला राहणाऱ्या ज्यांना वांधा असेल त्यांनी पंधरा दिवसांत वांधा अरजी, म्हणजे हरकतीचा अर्ज, द्यावा, राहत असल्याच्या पुराव्यासकट. मग कचेरीत सुनावणी होईल.

सुंदराच्या कानात शिरलं ते फक्त हॉटेल. हर्षदानं पुराव्याचं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. सुंदरा म्हणाली, पुरावा कसला मागतात, अख्खी गल्ली साक्षीला आहे.

आता तिला एवढा घोर का लागला ते सांगायला हवं. हौसेनं भांडायला जाणारी ती बाई नव्हे. तिचं घर बावीस नंबर. बावीस आणि तेवीसची भिंत एकच. बावीस नंबरच्या मागच्या गॅलरीत खाट होती आणि त्या खाटेवर तिचा नवरा मगन दिवसरात्र बसून असायचा. बसून, कारण आडवं झालं की त्याचा श्वास कोंडायचा. पलसाण्याच्या एका रंगाई मिलमध्ये त्यानं चोवीस वर्षं कापड रंगवलं, वाफ गिळली, भुकटी गिळली. मिलनं त्याला निरोपाचं शर्टपीस दिलं आणि छातीत जे भरलं होतं ते त्याच्याजवळच राहू दिलं. डॉक्टर म्हणाले होते, धूर, धूळ, फोडणीचा ठसका, यातलं काही याच्या नाकाशी येता कामा नये. मोकळी हवा आणि ऑक्सिजनचं मशीन यांवर हा माणूस तगेल. घरात मोकळी हवा येत होती ती तेवढ्या गॅलरीत, खाडीच्या बाजूनं. आणि तेवीस नंबरवाल्यांनी परवानगी येण्याआधीच त्या गॅलरीच्या बरोबरीला, खाटेपासून चार हातांवर, भिंतीला चौकोनी भोक पाडून ठेवलं होतं. मजुराला विचारलं तर म्हणाला, भट्टीचं धुराडं इथून निघणार.

बरं, तेवीस नंबर कुणाचा? परक्याचा असता तर सुंदरानं त्याच दिवशी ओट्यावर उभं राहून त्याच्या सात पिढ्या धुतल्या असत्या. तेवीस नंबर आनंदाचा. आनंदा यांच्याच गावचा, तापीकाठच्या सावळखेड्याचा. अठरा वर्षांचा असताना हातात एक पिशवी घेऊन आला होता तो थेट सुंदराच्या दारात. आठ महिने तिच्या घरी जेवला आणि झोपला त्याच गॅलरीत. मग त्यानं चिंध्यांचा धंदा केला, मग दोन लक्झरी बस घेतल्या, मग तेवीस नंबरची जागा घेऊन तीन मजले चढवले आणि खोल्या लूमच्या कामगारांना भाड्यानं दिल्या. आता त्या खोल्या रिकाम्या करून त्याला हॉटेल काढायचं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. यानं तर भिंतच फोडली.

पण गल्लीत आनंदाचा शब्द चालायचा, आणि त्याला कारण होतं. गावाकडे निवडणूक लागली, मग ती ग्रामपंचायतीची असो की मोठी, की आनंदाच्या बस सोसायटीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. गल्लीतली सगळी मतं गावात. उमेदवार खर्च करायचा, आनंदा माणसं न्यायचा. नवापूरच्या पुढं ढाब्यावर जेवण, गावाच्या वेशीत हलगी, आणि ज्या माणसाला सुरतेत मिलचा शेठ नावानंही हाक मारत नव्हता त्याच्यासमोर सरपंच व्हायला निघालेला गडी हात जोडून उभा. मगनला तर पहिली सीट ठरलेली. आजारी पडल्यावरही तो मशीन मांडीवर घेऊन गेला होता. मागच्या डिसेंबरात आनंदानं त्याला खुर्चीसकट उचलून बसमध्ये ठेवलं आणि खुर्चीसकट मतदानाच्या खोलीत नेलं. त्या एका दिवसाच्या गोष्टी मगन पुढं महिनाभर सांगत होता.

म्हणून तर यांची सगळी कागदपत्रं गावची. आधार गावचं, रेशनकार्ड गावचं, मतदार यादीत नाव गावचं. घर घेतलं तेही स्टॅम्पपेपरवर, लाइट बिल अजून जुन्या मालकाच्या नावानं येतं. बदलून कशाला घ्यायचं? दोन वर्षं काढू आणि जाऊ परत, असं म्हणत बत्तीस वर्षं गेली. चार वर्षांपूर्वी नात मयुरीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा हर्षदानं विषय काढला होता की सगळ्यांचीच नावं इकडे करून घेऊ या. मगन तेव्हा धडधाकट बोलत होता. तो उसळून म्हणाला, "तठे आपलं नाव शे. आठे आपले कोन इचारस?" आणि सुंदरानं त्यावर कडी केली. आम्ही मेल्यावर काप गावातली नावं, म्हणाली. चेतन, म्हणजे तिचा मुलगा, ताटावरून उठून गेला. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही.

तर अशा या गल्लीत सुंदरा वांधा अरजीसाठी दारोदार फिरली. आणि खोटं कशाला बोलायचं, लोकांनी साथ दिली. समोरच्या सखुबाईचं म्हणणं, संध्याकाळी गाड्या लागल्या की आमच्या सुनांनी दारात बसायचं कुठं? राघो मास्तर, म्हणजे टेलरिंगचा मास्तर, म्हणाला की गटार आताच तुंबतं, त्यात हॉटेलचं तेल गेल्यावर काय होईल? कुणाला वासाची भीती, कुणाला उंदरांची. मगनच्या श्वासाचं दुखणं फक्त सुंदराचं होतं. पण ती प्रत्येकाच्या दारात ज्याचं त्याचं दुखणं बोलली, आणि निघताना आपलं सांगितलं. हर्षदाची धरून एकतीस सह्या आणि अंगठे झाले. हर्षदानं दोन दुपारी बसून गुजरातीत अरजी लिहिली, प्रत्येकाकडून कागदाची झेरॉक्स मागितली. झेरॉक्सचा गठ्ठा झाला आणि तिनं तो सासूपुढं ठेवला.

ती म्हणाली, आई, यातला एकही कागद इथला नाही.

सुंदरानं गठ्ठा बघितलासुद्धा नाही. साहेब काय आंधळा आहे का, एकतीस माणसं समोर उभी दिसतील त्याला. तू लिहायचं काम केलंस, बास झालं. सुनेनं पुढं बोलू नये म्हणून तिनं भांडी घासायला घेतली, तीही घासलेलीच.

सुनावणीच्या दोन दिवस आधी आनंदा घरी आला. मगनच्या पाया पडला, खाटेच्या कडेवर बसला, मशीनचा आवाज कमी आहे ना विचारलं. मोठ्या माणसाचा हात डोक्यावर राहू द्या, म्हणाला. धुराडं आपण वर काढू, आत जाळी बसवू, मगन आप्पांना फोडणीचा वासही लागणार नाही. उगाच आपल्या घरातलं भांडण परक्याच्या कचेरीत कशाला न्यायचं? मगन विरघळला. आनंदाच्या खांद्यावर हात ठेवून तो बायकोला म्हणाला, "कसाले भांडतस? आपलाच माणूस शे."

सुंदरानं चहाची कपबशी आनंदाच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, धुराडं वर काढतोस ना, मग तेवढं लिहून दे, अरजी मी उद्याच मागं घेते.

आनंदा दुखावल्यासारखा हसला. "काकू, आता आपल्यात लिखापढी?"

चहा त्यानं अर्धाच प्याला. मगन दिवसभर बायकोवर चिडून होता, पोराचा अपमान केलास म्हणाला. पोर! त्या पोराच्या हातात चार अंगठ्या होत्या.

सुनावणीला सगळे गेले. लूमवाल्यांनी सुट्टी टाकली, सखुबाईनं लग्नातलं लुगडं नेसलं, राघो मास्तरनं दाढी केली. मगनला नेता येण्यासारखं नव्हतं, त्याच्याजवळ चेतन थांबला. कचेरीत अधिकारी म्हणून एक मध्यमवयाची बाई होती, चष्मा कपाळावर सारलेली, थकलेली. ती वाईट नव्हती. तिनं सगळ्यांना बसायला लावलं, पाणी आणवलं आणि एकेकाचं नाव घेऊन कागद बघायला सुरुवात केली. पहिला कागद शिरपूर तालुका. दुसरा शिरपूर. तिसरा पुन्हा शिरपूर. दहाव्या कागदाला तिनं चष्मा खाली घेतला आणि विचारलं, तुमच्यापैकी सुरतेत कोण राहतं? सगळे एकदम म्हणाले, आम्ही सगळेच. तिनं लाइट बिल मागितलं. जुन्या मालकाचं निघालं. वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, मागितलं, ते बिल्डरचं. खरेदीचा दस्तावेज विचारला, तर स्टॅम्पपेपर.

तरीसुद्धा ती बाई कदाचित वाकली असती. दहा दिवसांत काहीतरी आणा, असं ती म्हणायच्या बेतात आहे असं सुंदराला वाटलंही. तेवढ्यात आनंदा उठला. पांढरा शर्ट, हातात फाइल. बोलला मात्र अगदी नम्र. ही माझ्या गावची माणसं, मला आईबापासारखी, मी यांचं मीठ खाल्लंय. पण मॅडम, खरं ते खरं, ही माणसं इथली रहिवासी नाहीत. आणि त्यानं फाइलमधून सावळखेड्याची मतदार यादी काढून टेबलावर ठेवली.

यादी छापील होती आणि नावांपुढं लाल पेनच्या खुणा होत्या. त्या खुणा सगळ्यांनी ओळखल्या. डिसेंबरात बसच्या दाराशी उभा राहून आनंदा ज्या पेननं एकेकाला आत घेत होता, त्याच या खुणा. सखुबाईच्या नावापुढं खूण, राघोच्या नावापुढं खूण, सुंदराच्या, मगनच्या. इतकी वर्षं त्यानं यांना ढाब्यावर जेवू घातलं, वाजतगाजत नेलं आणि प्रत्येकाचं नाव जपून ठेवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि यांनी स्वतःच्या हातानं मान पुढं केली होती. वर हसत हसत.

अधिकारी बाईनं सुंदराला पुढं बोलावलं. मागच्या निवडणुकीत मत कुठं दिलंत? सुंदरा म्हणाली, गावी. मग रहिवासी कुठल्या तुम्ही? मराठी, हिंदी, गुजराती, जे शब्द सापडले ते गोळा करून सुंदरा म्हणाली, "मॅडम, मत तिकडे दिलं. पण माझा माणूस श्वास तर इथं घेतो ना?"

अधिकारी बाईनं पेन खाली ठेवलं.

"समजूं छूं, माजी," ती म्हणाली. "पण पुरावो जोईए."

तेव्हा हर्षदा उठली. तिनं पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून एकेक कार्ड टेबलावर मांडलं. आधार, बावीस नंबर, सुरत. मतदार कार्ड, सुरत. रेशनकार्डावर ती आणि मयुरी, सुरत. अधिकारी बाईनं सगळं नीट बघितलं, झेरॉक्स करून घेतली आणि लिहिलं: एक वांधा ग्राह्य, तीस अग्राह्य. एका वांध्यानं परवानगी थांबत नाही, म्हणाली. पण मी शेरा मारते, धुराडं योग्य उंचीवर न्यावं. योग्य म्हणजे किती हात, ते कुणी लिहिलं नाही आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही.

रिक्षात सुंदरा सुनेच्या अंगावर धावून गेली. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, तशातली गत. कधी कापलंस नाव? कुणाला विचारून कापलंस? नवऱ्याला तरी सांगितलंस का? सबंध गल्लीत जिचा एक कागद खरा ठरला तिलाच ही बाई शिव्या देत होती. सखुबाई समोर बसून रस्ता बघत राहिली.

हर्षदानं पर्वत पाटियाचा चौक येईपर्यंत तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "मयुरीच्या शाळेच्या वेळी केलं. तुमच्या दोघांचे फॉर्मसुद्धा आणले होते, आई. भरून ठेवले होते, फक्त सही पाहिजे होती. तुम्ही ते फळीवर लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरले."

अंथरले होते खरे. सुंदराला आठवत होतं, कागद जाड आहे म्हणून तिला बरं वाटलं होतं. सून वर तोंड करून बोलली याचा तिला रागही आला होता आणि ती खरं बोलली याचा जास्त.

गल्लीनं नंतर काय केलं ते विचारू नका. ज्या एकतीस जणांनी अंगठे दिले त्यांच्यापैकी दहाजण महिन्याच्या आत आनंदाच्या ओट्यावर चहा पिताना दिसले. सखुबाईच्या नातवाला काउंटरवर नोकरी मिळाली. राघो मास्तरला वेटरांचे सदरे शिवायचं काम मिळालं. कुणी सुंदराला तोंडावर वाईट बोललं नाही. उलट प्रत्येकजण थांबून मगनची चौकशी करायचा, त्यानंच तिचं डोकं जास्त फिरायचं. त्यांचे वांधे खोटे नव्हते, पण सुटण्यासारखे होते. गाड्या दुसऱ्या गल्लीत लावता येतात, उंदराला औषध घालता येतं. श्वासाचं तसं नसतं.

फाल्गुन संपता संपता भट्टी पहिल्यांदा पेटवून बघितली. धुराडं होतं तिथंच निघालं, फक्त त्याला वर एक वाकडं टोपडं बसवलं होतं. योग्य उंची झाली. वारा खाडीकडून होता. धूर टोपड्यातून निघाला आणि सरळ खाटेवर आला. सुंदरा धावत गॅलरीत गेली तेव्हा मगनचे ओठ निळे पडले होते आणि तो कठड्याला धरून उठायला बघत होता. चेतननं त्याला आत घेतलं, दार लावलं, मशीन मोठं केलं. तेव्हापासून मगन आतल्या खोलीत, दारं-खिडक्या बंद, वर पत्रा तापलेला. पंखा फिरवावा तर भिंतीच्या फटीतून वास आत खेचायचा.

मगन म्हणाला, गावी न्या. चेतननं काकाला फोन लावून बापाकडे दिला. धाकटा भाऊ प्रेमानं बोलला, या की, चार दिवस या. पण लाइट दिवसाचे सहा तास जाते दादा, तुझं मशीन कसं चालायचं? दवाखाना शिरपूरला, रात्रीबेरात्री कोण नेणार? आणि तुझ्या खोलीत आता कापसाचं बी ठेवलंय. मगननं फोन सुंदराच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. ज्या गावाच्या यादीत त्याचं नाव होतं त्या गावात त्याला ठेवायला जागा नव्हती. सुंदराला त्याची कीव आली आणि संतापही आला. खुर्चीसकट उचलून न्यायला गाव होतं. श्वास घ्यायला नव्हतं. हे तिनं त्याला बोलूनही दाखवलं. नंतर तिला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

मग ती आनंदाकडे गेली. चप्पल बाहेर काढून गेली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तेवीस नंबर ओळखू येत नव्हता. भिंतींना शेणाच्या रंगाचा ऑइलपेंट, दोऱ्यांच्या खाटा, छताला टांगलेले कंदील, दारात बैलगाडीचं चाक. बाहेर पाटी: अस्सल खान्देश. ज्या गावाचं नाव घेऊन त्यानं यांना परकं ठरवलं, तेच गाव त्यानं भिंतीला फासून विकायला काढलं होतं.

तिनं सरळ सांगितलं, धुराडं गच्चीच्या वर ने, माझा माणूस मरेल. आनंदानं ऐकून घेतलं. गवंडी लावतो म्हणाला, काकू, आप्पांसाठी एवढं करणार नाही का मी. फक्त माझं एक अडलंय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, उद्घाटन आहे आणि खापरावर मांडे करणारं कुणी मिळत नाही. आचाऱ्याला जमत नाही, त्याचे फाटतात. माझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही केले होते, अजून लोक आठवण काढतात. तुम्ही नऊवारी नेसून पुढच्या ओट्यावर चुलीशी बसा, पगार देईन. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी गवंडी.

या वेळी सुंदरानं लिहून मागितलं नाही. मागायचं तर आधी मान वर करावी लागली असती. हर्षदाला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आई, तो करणार नाही. सुंदराला ते माहीत होतं. पण नाही म्हटलं तर करणार नाही हे नक्की, आणि हो म्हटलं तर करेल अशी एक चिमूटभर आशा. माणूस बुडताना काडी किती जाड आहे ते बघत नाही.

आखाजीला ती बसली. मांड्याचं काम बघण्यासारखं असतं हे खरं. पुरणाचा उंडा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करायचा, मनगटापासून कोपरापर्यंत आला की अलगद उपड्या खापरावर सोडायचा. कतारगामहून गाड्या आल्या. हिऱ्याच्या कारखान्यातली गुजराती कुटुंबं मोबाइल वर धरून उभी राहिली. आनंदा प्रत्येकाला सांगत होता, आ अमारा गामना काकू छे. आखाजी झाली, दुसरा दिवस उजाडला. गवंडी म्हणे लग्नाला गेला. मग गवंड्याचा हात मोडला. मग आनंदा म्हणाला की पावसाळ्याआधी नक्की. सुंदरा रोज विचारायची आणि रोज बसायची, कारण उठली तर गवंडी कधीच येणार नव्हता.

चूल लाकडाची, तिचा धूर वर ओढणारा पंखा त्याच धुराड्याला जोडलेला. पंख्याचं बटण तिच्याच उजव्या हाताशी होतं. तिनं एक युक्ती काढली होती. दुपारी एकच्या सुमाराला मगन चार घास खायचा. तेवढा वेळ ती पंखा बंद ठेवायची. धूर तिच्याच तोंडावर यायचा, डोळे लाल व्हायचे, छाती भरून यायची. तेवढं सोसलं की पलीकडे माणसाच्या पोटात जेवण जायचं.

जेठ महिन्यातला एक रविवार होता. टेबलं सगळी भरलेली, दारात माणसं नंबर लावून उभी. एक वाजला, सुंदरानं पंखा बंद केला. पाच मिनिटांत ओट्यावर धूर कोंडला, मग आत शिरला. एका बाईनं ओढणी नाकाला लावली, एक पोर रडायला लागलं. आनंदा काउंटरवरून उठून आला. तो ओरडला नाही. तो कधीच ओरडायचा नाही.

"काकू, पंखा."

सुंदरा म्हणाली, आप्पा जेवताहेत, दहा मिनिटं थांब.

आनंदा वाकून, गिऱ्हाइकांकडे बघून हसत, हळू आवाजात म्हणाला, "गिऱ्हाईक उठून गेलं तर मी गवंडी कुठून आणू?"

सुंदरानं हात लांब केला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. बघता बघता ओटा स्वच्छ झाला, आत लोक पुन्हा जेवायला लागले, पोराचं रडणं थांबलं. जरा वेळानं भिंतीच्या पलीकडून खोकला सुरू झाला. थांबायचा नाही असा तो खोकला होता. मध्येच श्वास तुटायचा, काही ऐकू यायचं नाही, मग पुन्हा. हर्षदाचा आवाज आला, भांडं पडल्याचा आवाज आला.

चुलीशेजारच्या टेबलावर एक मराठी जोडपं बसलं होतं, बहुतेक नव्या सिटीलाइट भागातलं. बायकोचा घास हातात थांबला. तिनं भिंतीकडे बघितलं, मग सुंदराकडे.

"मावशी, कोण खोकतंय हो एवढं? तुमच्यापैकी कुणी आहे का?"

आनंदा अजून तिथंच उभा होता. सुंदराच्या दोन्ही हातांवर मांडा पसरलेला होता, कोपरापर्यंत आलेला.

"नाही," ती म्हणाली. "असतील कुणी बाजूचे." आणि तिनं मांडा खापरावर सोडला.